पत्र्याचा गोठा

रविवार, ४ तारीख

लेकीला भेटून आले. एक बस, मग बाजारात उगाच एक फेरी, मग दुसरी बस. असं वळसा घेऊन यायचं तिनंच शिकवलंय. "मागे वळून बघत जाऊ नकोस आई, त्यानं जास्त डोळ्यांत भरतं. भाजी घेतल्यासारखं कर." मी खरंच घेते भाजी. एवढं गेल्यावर रिकामी पिशवी कशाला परत आणायची?

ती एका बाईंच्या गोठ्यावर कामाला आहे, तिथंच राहते. दुधाच्या गाई, शेणाचा ढीग, गंजकी पाण्याची टाकी आणि आरडाओरडा करणाऱ्या मालकीणबाई. मनाच्या मात्र सोन्यासारख्या. लेक आली तेव्हा तिचं मनगट गळ्यात बांधलेलं होतं, आणि बाईंनी फक्त एवढंच विचारलं, "डाव्या हातानं धार काढता येईल का?"

मनगट जावयांनी दाराच्या फटीत धरून मोडलं. त्यांचा हात चटकन उठतो. तसा आमच्या ह्यांचाही उठायचाच, पण त्यातूनही संसार रेटलाच की मी. लेकीला हे बोलून दाखवलं की तिचं तोंड कुलूप लावल्यासारखं बंद होतं. म्हणून आताशा बोलत नाही.

चहा पिताना ती नेहमीसारखी माझ्या उजव्या बाजूला बसली. डावा कान कधीकाळी थंडीनं गेला माझा. लहान होती तेव्हापासून ती त्या बाजूला बसतच नाही.

टाकीचं चित्र काढून आणलंय. चार पायांपैकी एक मोडलेला, त्याला रुळाचा तुकडा जोडलाय. उद्या करायला घेते.

मंगळवार, ६ तारीख

टाकी झाली. गंजासाठी विटकरीचा भुगा सरसात कालवून लावला. ओठ पुढे काढून फुंकर मारत बसले होते, बाहेरून कुणी बघितलं असतं तर म्हातारीला वेड लागलं म्हणालं असतं.

दुकानदाराकडे नेऊन दिली. त्याच्या खेळण्यांच्या दुकानात मागच्या बाजूला हौशी लोकांचं कपाट आहे. मोठे बापे लोक तिथं येऊन बोटभर ट्रॅक्टर विकत घेतात आणि घरी टेबलावर अख्खं शेत मांडतात. ट्रॅक्टर कारखान्यातून येतो, पण गव्हाण, फाटक, दुधाचे कॅन, घमेली, चाऱ्याचे भारे हे सगळं माझ्याकडून. खऱ्याच्या बत्तीसाव्या भागाइतकं. तेलाच्या डब्यांचा पत्रा, तांब्याची तार, कातर आणि सांध्याला कथलाचा डाग द्यायची सळई, एवढ्यावर माझं चालतं. कुणी शिकवलं नाही. हे गेल्यावर घर फार शांत झालं, तेव्हा हाताला चाळा म्हणून एक घमेलं केलं, त्याची ही सगळी पिलावळ.

दुकानदार म्हणाला, "मावशी, तुमचा एक भक्त तयार झालाय. गेल्या महिन्यापासून तुमची एकही वस्तू सोडत नाही. कपाटात ठेवायचा अवकाश."

"कोण आहे?"

"नाव नाही सांगत. सभ्य माणूस आहे. सावकाश बोलतो."

मला आपलं बरं वाटलं. या वयात कुणी कौतुक करावं म्हणजे काय कमी आहे का?

शुक्रवार, ९ तारीख

जावई आले होते. फळं घेऊन. डिलिव्हरीची गाडी खाली लावली होती, त्यामुळे बसायला फार वेळ नव्हता, तरी बसले. "आई, तुमची तब्येत कशी?" असं आधी विचारलं. मग डोळे पुसले. मी पदर पुढे केला, काय करणार. पुरुषमाणूस रडायला लागला की माझं लोणी होतं.

"कुठे आहे ते विचारत नाही. फक्त सुखरूप आहे ना?"

"आहे," म्हटलं. त्यापुढे एक अक्षर नाही. शपथच आहे तशी.

जाताना टेबलापाशी थांबले. फाटक करायला घेतलं होतं ते हातात धरून बघितलं. "किती हुबेहूब! असं मनातूनच सुचतं तुम्हाला?"

"छे हो," मी म्हटलं, "मला मनातून घागरसुद्धा करता येत नाही. डोळ्यांनी बघितलं की हाताला येतं, नाहीतर नाही."

ते हसले. फार छान हसतात, मान्य करायला हवं. लग्नात सगळ्या बायका म्हणाल्या होत्या.

रविवार, ११ तारीख

आज गोठ्यावर भलतंच घडलं. तिथं एक वळू आहे. काळा, डोक्यानं दगड, डोळ्यानं लाल. काम काही नाही, खायचं आणि मान खाजवून घ्यायची, म्हणून सगळे त्याला 'पाहुणा' म्हणतात. "पाहुण्यांना पाणी दिलं का?" "पाहुणे आज जागेवर नाहीत, सांभाळून."

एक गडी शेण काढायला आत गेला आणि पाठमोरा झाला. मी टाकीशेजारी बसले होते. आवाज आला तो ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा. मग दुसरा, तसाच. माणूस ओरडलासुद्धा नाही, श्वासच नव्हता ओरडायला. लेकीनं पेंडीची बादली वाजवत पाहुण्याला पुढच्या कुंपणाकडे ओढलं, तेव्हा गड्याला बाहेर काढता आलं. बरगड्या गेल्या. तोंडातून रक्ताचे बुडबुडे. जगेल म्हणतात.

संध्याकाळी लेक नेहमीसारखी धारेला बसली.

"तुला भीती नाही वाटली?"

"पाहुणा बरा गं. मारायच्या आधी खाली मान घालतो, जमीन उकरतो. कळतं तरी." मग थोड्या वेळानं, मी न विचारता, म्हणाली, "तुझा जावई ओरडायचाही नाही. आधी दाराला आतून कडी लावायचा. मग घड्याळ काढून खिशात ठेवायचा. काच फुटू नये म्हणून. ते घड्याळ खिशात गेलं की मला कळायचं."

तिची वेणी घालून दिली.

बुधवार, १४ तारीख

दुकानातून तक्रार! त्या सभ्य माणसानं फाटक परत पाठवलं.

"म्हणतो, उलट्या बाजूला उघडतंय," दुकानदार म्हणाला. "बिजागरी उजवीकडे हवी, तुम्ही डावीकडे केलीय."

मी म्हटलं, "उजवी काय अन् डावी काय, शेत त्याचं टेबलावर आहे, गाई काय तक्रार करणार आहेत?"

"मावशी, गिऱ्हाईक आहे."

घरी येऊन चित्र काढून बघितलं तर खरंच. खरं फाटक उजवीकडे बिजागरीचं आहे. माझ्या करण्याची खोड आहे ती. मी पातळ कागदावर पेन्सिलीनं चित्र काढते, ते पत्र्यावर पालथं घालते आणि मागून चमच्यानं घासते, की रेघा पत्र्यावर उठतात. पण पालथं घातलं की डाव्याचं उजवं होतं. आजवर सगळं असंच उलटं करत आले असेन! कुणी बोललं नाही, मला कळलं नाही.

त्याला कसं कळलं देव जाणे. नजर असते एकेकाची. फाटक बघून ओळखत असेल.

सोमवार, १९ तारीख

दोन दिवस डोकं चालवलं आणि तोड काढली. कागदावरचं चित्र आधी दुसऱ्या कागदावर घासून घ्यायचं, मग तो कागद पत्र्यावर. दोनदा उलटं म्हणजे सुलटं. कष्ट दुप्पट, दुसऱ्यांदा घासताना बोटाची कातडी निघते, पण बरोबर येतं. फाटक नवं करून दिलं.

आणि आज काय ऐकलं! भक्ताला माझ्याकडून अख्खा गोठा हवाय. छप्पर उचलता येईल असा. आतल्या खोल्या, मागची बाजू, गडीमाणसांच्या राहायच्या जागेसकट, दारं उघडझाप होणारी. घरी लहान मूल अंथरुणाला खिळलंय म्हणे, त्याला दाखवायचंय की माणसं कशी राहतात.

मला मनातून करता येत नाही, तेव्हा कुठला गोठा करायचा हा प्रश्नच नव्हता.

"माणसंही करणार का?" दुकानदारानं विचारलं.

"माणसं मी करत नाही," म्हटलं. "माणसांची तोंडं मला जमत नाहीत."

रविवार, २५ तारीख

गोठ्याच्या मागे जाऊन मापं घेतली. तिकडून रस्ता दिसत नाही, फक्त काट्यांचं कुंपण आणि उकिरडा. मागच्या भिंतीला दोन पत्र्याची दारं, जुळ्या बहिणींसारखी. दोन्ही आत ढकलायची, दोन्हींना बाहेरून एकाच पद्धतीचा आडवा अडणा. भिंतीकडे तोंड करून उभं राहिलं की उजवीकडची लेकीची खोली, डावीकडची पाहुण्याची. मधे एक विटांची भिंत. पाहुणा अंग घासतो तेव्हा तिच्या खाटेवरचा पेला हलतो.

"घाबरत नाहीस?"

"उलट. कुणीतरी जागं आहे असं वाटतं."

पट्टी धरायला ती मदत करत होती. "कुणासाठी गं एवढं?"

"एक आजारी पोर आहे."

"मग खाट नीट कर माझी. पोराला कळू दे कशी ऐसपैस राहते मी." आणि हसली. किती दिवसांनी! मनगट आता पुरतं वळतं तिचं, अडणा एका हातानं उचलते.

तिला विचारून बघितलं, जावयांना एकदा, एकदाच, माझ्यासमोर भेटशील का, रडत होते. तिनं पट्टी खाली ठेवली. "आई, तू त्याला काही सांगितलंस?" "एक अक्षर नाही, तुझ्या गळ्याशपथ." "बघ हं." बसपर्यंत सोडायला आली नाही आज.

गुरुवार, २९ तारीख

हाताला फडकं बांधलंय, अक्षर वेडंवाकडं येणार.

दुपारी जावई आले. मी गोठ्याच्या पुढच्या भिंतीला शेवटचा डाग देत होते. बाजूच्या भिंती झाल्या होत्या, मागची तेवढी राहिली होती. ते आत आले आणि दाराला कडी लावली. मी म्हटलं, उकडतंय, राहू द्या उघडं. ते टेबलापाशी आले आणि मनगटावरचं घड्याळ सोडून खिशात ठेवलं.

लेकीचं बोलणं आठवलं तेव्हा माझे पाय टेबलाखालीच राहिले.

"हे कधी पुरं होणार, आई?" गोठ्याकडे बोट दाखवून विचारलं.

"अजून दोनतीन आठवडे. घाई नाही कुणाला."

"घाई नाही?"

मी केलेल्या गाई ओळीनं वाळत ठेवल्या होत्या. त्यातली एक उचलली, टेबलाला बसवलेल्या माझ्या वाइसच्या, म्हणजे पत्रा आवळून धरायच्या शिकंज्याच्या, जबड्यात ठेवली आणि दांडा फिरवला. पत्रा चिरडायला लागला की बारीक किंचाळतो. मग दुसरी गाय. तोंडानं गोडच बोलत होते. बायकोविना घर कसं खायला उठतं, लोक काय म्हणतात, तुम्हीच तिला शेफारून ठेवलंत. तिसरी गाय. माझ्या डाव्या बाजूला येऊन काहीतरी बोलले, मला ऐकू आलं नाही. मी 'अं?' म्हटलं तर मोठ्यानं हसले. "विसरलोच. बाबांनी सांगितलं होतं मला या कानाचं. हसत हसत सांगितलं होतं."

ह्यांनी काय सांगितलं असेल? थंडीचंच सांगितलं असेल.

मग माझा उजवा हात धरला. जोरात नाही, डॉक्टर धरतो तसा. पहिली दोन बोटं जबड्यात ठेवली. मी म्हटलं, "अहो, नका." त्यांनी दांडा फिरवला. पत्र्याला फिरवतात तसाच, अंदाज घेत घेत. नख उललं तो आवाज मला उजव्या कानानं स्वच्छ ऐकू आला. त्यानंतरचं मधलं आठवत नाही. टेबलावर डोकं होतं माझं आणि रक्त गोठ्याच्या पुढच्या दारातून आत गेलं होतं.

दांडा फडक्यानं पुसून ठेवला त्यांनी. घड्याळ बांधलं. "लवकर करा, आई. कुणीतरी वाट बघत असेल." आणि कडी काढून गेले.

पत्ता सांगितला नाही त्याचा राग काढला. बाकी काय असणार? चौकीत जावं असं दोनदा मनात आलं. पण जावयाचं नाव तिथं द्यायचं, मग ते लेकीचा पत्ता विचारणार, मग तो कागदावर येणार. नकोच ते.

रविवार, १ तारीख

"बोटांना काय झालं?"

"हातोडी लागली."

लेकीनं फडकं सोडलं. बोटं वांग्यासारखी झाली होती, एक नख निखळून आलं.

"दोन्ही बाजूंनी लागली का हातोडी?"

मी हात मागे घेतला, तिनं परत ओढला.

"मलाही लागायची," म्हणाली आणि नवं फडकं इतकं घट्ट बांधलं की डोळ्यांतून पाणी आलं.

निघताना मालकीणबाईंशी ती दाराआड काही बोलत होती. नंतर बघितलं तर तिनं आपल्या खोलीच्या दाराला आतून एक लाकडी ओंडका लावायला सुरुवात केली होती. माझ्या गोठ्यात तो नाही. आता कुठे परत तो करत बसू?

गुरुवार, ५ तारीख

गोठा दिला एकदाचा. मागची भिंत डाव्या हातानं कापली, दारं डाव्या हातानं बसवली, खाट उजव्याच्या उरलेल्या बोटांनी वाकवली. दोन दोन कागद घासायची ताकद नव्हती बाई. बोट टेकवलं की ब्रह्मांड आठवत होतं. एकदाच घासला, खाटेची खूण ज्या दाराशी उठली त्याच दाराआड खाट बसवली आणि म्हटलं, झालं. मागून कोण बघतंय? आजारी पोर छप्पर उचलून आत बघेल.

दुकानदाराला दिला तेव्हा तो हाताकडे बघत म्हणाला, "मावशी, घाई कशाला केलीत एवढी?"

म्हटलं, "कुणीतरी वाट बघत असेल."

शनिवार, ७ तारीख

भक्त खूश आहे म्हणे. गोठा हातात धरून दुकानातच कितीतरी वेळ दारं उघडत आणि लावत होता.

मंगळवार, १० तारीख

काल दुपारी मालकीणबाईंचा फोन आला. त्या कधी हळू बोलत नाहीत. काल हळू बोलल्या. "ती ठीक आहे. आधी हे ऐका, मग बाकीचं. ती ठीक आहे."

मी सरळ बसनं गेले. वळसा घ्यायचं कारणच उरलं नव्हतं.

कसं झालं ते तुकड्यातुकड्यांनी कळलं. बाई दूध घेऊन डेअरीत गेल्या होत्या, गडी जेवून झाडाखाली पडले होते. जावई मागच्या उकिरड्याच्या बाजूनं, काटे तोडून आले. हातात लोखंडी गज. अडणा उचलला, दार आत ढकललं, आत गेले आणि दार पाठीमागे लावून घेतलं. पण ते डावीकडचं दार होतं. उजवीकडच्या खोलीत लेक हात चोळत बसली होती, धार काढून आलेली.

ती म्हणाली, पहिल्यांदा तिला घड्याळाच्या पट्ट्याचं बक्कल वाजल्यासारखं ऐकू आलं. भिंतीपलीकडून. इतकं बारीक कसं ऐकू आलं तिला? पण ती म्हणते आलं. मग पाहुण्यानं जमीन उकरली.

मी ते दार बघितलं. पत्र्याचं बोलणं मला कळतं. बाहेरच्या बाजूला पोचे आलेत, आतून आलेले. खालचे मोठे, शिंगांचे नाहीत, कपाळाचे. एक माणूस आणि त्याच्यामागे दार, आणि दार आत उघडणारं. पाहुण्यानं जितकं दाबलं तितकं ते घट्ट बसलं. वरच्या बाजूला लहान लहान पोचे होते, मुठीएवढे. ते पुष्कळ होते. खालच्या फटीतून जे वाहिलं ते उकिरड्यापर्यंत गेलं होतं, त्यावर माशा. गज चाऱ्यात सापडला, काटकोनात वाकलेला.

लेकीला विचारलं, "तू काय केलंस?"

"हात धुतले."

"अं?"

"धार काढून आले होते ना. हात धुतले. पुसले. मग पेंड बादलीत भरली, मग पुढच्या अंगानं जाऊन पाहुण्याला बोलावलं. आला तो, लगेच नाही आला."

हात धुतल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही ही सवय मीच लावली तिला लहानपणी.

आज पहाटे दवाखान्यात जावई गेले. छाती शिल्लकच नव्हती म्हणाले. खिशात घड्याळ सापडलं. काच अख्खी.

शुक्रवार, १३ तारीख

पोलिसांनी बोलावलं. ठाण्यात नाही, जावयांच्या खोलीवर. इन्स्पेक्टर तरुण होता, 'आजी' म्हणत होता. "आजी, एक वस्तू ओळखायची आहे."

एक टेबल होतं, भिंतीला लावलेलं. त्यावर सगळं मांडलं होतं. माझी टाकी, रुळाचा तुकडा जोडलेल्या पायासकट. माझं फाटक, उजव्या बिजागरीचं. माझे कॅन, घमेली, गव्हाणी, चाऱ्याचा प्रत्येक भारा. काट्यांचं कुंपण त्यांनी स्वतः केलं होतं, झाडूच्या काड्यांचं. एका ठिकाणी तोडलेलं. रस्ता खडूनं काढला होता आणि मधोमध माझा गोठा. इतकं देखणं शेत मी कुणाकडे बघितलं नव्हतं.

"तुमच्याच हातचं ना?"

मी मान हलवली.

त्यानं छप्पर उचललं. माझ्या खाटेवर, मी तार वाकवून केलेल्या खाटेवर, आगपेटीची एक काडी आडवी ठेवली होती. डोकं जाळलेली.

मी माणसं करत नाही. ते त्यांनी केलं होतं.

इन्स्पेक्टर म्हणाला, "सगळं इतकं बघून ठेवलं आणि ऐनवेळी दार चुकला. घाईत असेल."

"तो चुकला नाही," मी म्हटलं. "नीट बघा. खाट डावीकडच्या दाराआड आहे. मी तशी केलीय."

त्यानं छप्पर खाली ठेवून खाटेवर बोट टेकवलं. "मुद्दाम?"

मी हात वर करून बोटं दाखवली. त्याला काही समजलं नाही. मग बसून सगळं सांगितलं, कागद पालथा घालायचं, दोनदा घासायचं, वाइसचं. तो लिहीत होता. मधेच लिहायचा थांबला.

जिभेवर मी केवढं कुलूप घातलं होतं! वळसे घेत जात होते, एक अक्षर सांगितलं नाही. आणि हातांनी रोज त्याला घराचा रस्ता करून देत होते, बत्तीसाव्या भागाचा, खिळ्याखिळ्यानं. डिलिव्हरीची गाडी घेऊन फिरताना रुळाच्या पायाची खरी टाकी त्याला दिसली असणार. फाटक उलटं म्हणून परत पाठवलं तेव्हाच तो खऱ्या फाटकासमोर उभा राहून आला होता. माझ्या डोक्यात कसं आलं नाही? कौतुकानं आंधळी झाले होते, दुसरं काय.

रविवार, १५ तारीख

लेकीला सांगितलं. सगळं, टेबलासकट, काडीसकट. लपवण्यासारखं होतं, पण नाही लपवलं.

तिनं बादली उचलली आणि भिंतीवर फेकली. मग दुसरी. मी इतकी वर्षं तिला ओळखते, तिला ओरडताना पहिल्यांदा ऐकलं. "माझी खाट नेऊन दिलीस तू त्याला! मीच पट्टी धरली! मी हसत होते तेव्हा!" भिंतीपलीकडे पाहुणा उठून उभा राहिला. मालकीणबाई धावत आल्या आणि दारातूनच मागे फिरल्या.

मी म्हटलं, "मार मला." खरंच म्हटलं. मला वाटलं हात उचलेल. मी डोळे मिटून घेतले, मान डाव्या बाजूला वळली आपोआप. किती वर्षांची सवय ती! अंगातून जात नाही.

काही झालं नाही. डोळे उघडले तर ती माझ्याकडे बघत होती, मी मान कशी वळवली त्याकडे. पडलेली बादली उचलून सरळ ठेवली. माझ्या बोटांवरचं फडकं सोडलं, जखम बघितली, आज हळू बांधलं.

"कुठली हातोडी होती ही?" तिनं विचारलं.

"तुझ्या नवऱ्याची," म्हटलं. "त्यानं माझी बोटं वाइसमध्ये घालून चिरडली."

असं सरळ वाक्य माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघालं असेल. निघालं तर मागचंही निघालं, ढिगारा कोसळावा तसं. मी म्हटलं, "पोरी, माझा डावा कान थंडीनं नाही गेला. तुझ्या बापानं पाटा उचलून..."

"माहितेय मला," ती म्हणाली. "मी खाटेखाली होते."

आणि उठून माझ्या उजव्या बाजूला येऊन बसली.